मास्तरांच्या मयताची कॉफी

आमच्या गावच्या इस्पितळात आयसीयू पहिल्या मजल्यावर आहे आणि मनोरुग्णांचा वॉर्ड तिसऱ्या. दोन्हीकडे मी पुस्तकांची ढकलगाडी घेऊन जातो. ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून हे काम मागून घेतलं. पहिल्या मजल्यावरचे पेशंट बेशुद्ध असतात. पुस्तकं त्यांचे नातेवाईक घेतात आणि बरेचदा उलटी धरून बसतात. तिसऱ्यावर पुस्तकं भराभर जातात. परत येतात तेव्हा त्यांत लेखकाने न लिहिलेलं बरंच काही लिहिलेलं असतं आणि कधीकधी तेच जास्त चांगलं असतं.

सिसेल ही नर्स मला दोन्ही मजल्यांवर भेटली. वीसेक वर्षं ती आयसीयूत होती. बेशुद्ध माणसांना कुशीवर वळवून वळवून तिची पाठ गेली, तेव्हा तिला वर पाठवलं. "वर उचलायचं काही नसतं, नुसतं बोलायचं असतं," असं तिला सांगण्यात आलं होतं. बोलण्याची तिला सवय होतीच. आयसीयूतली रीतच तशी आहे. पेशंट शुद्धीवर नसला तरी त्याला प्रत्येक गोष्ट सांगून करायची. आता तुमचा हात उचलते, आता तोंड पुसते, आता जरा गार लागेल. कोण जाणे, आत कुणी ऐकत असेल. पण तिसऱ्या मजल्यावर माणसं उलट बोलतात.

"विलॅड्स, आता मी तुझ्या गोळ्या टेबलावर ठेवतेय," ती पहिल्याच दिवशी म्हणाली.

"मला दिसतंय," विलॅड्स म्हणाला. "तू रेडिओ आहेस का?"

तेव्हापासून वॉर्डात तिचं नाव रेडिओ पडलं. विलॅड्स हा जुना पेशंट. इन्चार्ज बाई चांगली कॉफी कपाटात कुलूप लावून ठेवते आणि पेशंटना पांचट पाजते, असा त्याचा पक्का समज होता. डॉक्टरांनी तो त्याच्या आजारात धरला होता. कपाटात कॉफी खरोखरच होती. मी पाहिली आहे.

त्या हिवाळ्यात टॉर्किल मास्तर वॉर्डात आले. अर्ध्या गावाला त्यांनी गणित आणि गाणं शिकवलेलं. इकडे आम्ही डॉक्टरलासुद्धा अरे-तुरे करतो, पण मास्तरांना कुणाची तशी हिंमत झाली नाही. नाताळ उलटला आणि एका सकाळी ते बायकोला म्हणाले, "इंगेर, मी वारलो आहे." रडत नाही, ओरडत नाही. पेन्शनीत निघालो म्हणावं तसं. इंगेर आधी हसली. मग चार दिवस हेच चाललं, तेव्हा हसायची थांबली आणि त्यांना घेऊन आली.

प्रेबेन डॉक्टरने त्यांचं मनगट धरून त्यांनाच नाडी मोजायला लावली. मास्तरांनी मोजली, बरोबर मोजली आणि म्हणाले, "ते सवयीने चाललंय." प्रेबेनने गोळ्या लिहून दिल्या. त्या लागू पडायला वेळ लागतो, असं तो म्हणाला.

एक बरं होतं. मास्तर मेलेले असले तरी सूप घेत होते. "मला गरज नाही," ते म्हणत, "पण इंगेरला वाईट वाटायला नको." दिवसभर ते छातीवर हात जुळवून पडून असत आणि चार वाजता बायकोच्या समाधानासाठी वाडगाभर सूप पीत.

इन्चार्ज एल्सेचा नियम कडक होता. या वॉर्डात तिचे केस पांढरे झाले होते. "पेशंट काही म्हणाला, तर हो म्हणायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही," ती नव्या नर्सना सांगायची. "तुम्हाला तसं वाटतंय, एवढंच म्हणायचं. हो म्हटलंत तर तो तिथेच घर बांधतो. नाही म्हटलंत तर किल्ला बांधतो."

हा नियम सिसेलने मोडला, तोही तोंड न उघडता.

झालं असं. एका गुरुवारी दुपारी ती मास्तरांच्या खोलीत गेली. मास्तर डोळे मिटून, जबडा जरा सैल सोडून, हात जुळवून पडले होते. चेहरा मेणासारखा. सिसेलच्या डोक्यात काही यायच्या आत तिच्या हातांनी वीस वर्षांचं काम सुरू केलं. चादर सारखी केली. उशी नीट केली. मग खिशातून किल्ली काढली, कारण या वॉर्डात खिडक्यांना कुलूप असतं आणि त्या वीतभरच उघडतात, आणि तिने खिडकी उघडली. आमच्याकडे माणूस गेला की नर्स पहिल्यांदा खिडकी उघडते. आत्मा आत अडकून पडू नये, जायचं त्याने जावं, म्हणून. कुठल्या पुस्तकात हे शिकवत नाहीत. पण न करणारी नर्स मी पाहिलेली नाही.

गार वारा आत आला. मास्तरांनी एक डोळा उघडला.

"शेवटी तुला तरी पटलं," ते म्हणाले.

सिसेलने धाडकन खिडकी लावली.

"आता लावून काय उपयोग?" मास्तर शांतपणे म्हणाले. "गेला तो."

आणि त्यांनी डोळा मिटला. त्या दिवशी चार वाजता सूप आलं, तसंच परत गेलं. पाण्याचा घोटसुद्धा त्यांनी घेतला नाही. इंगेरने चमचा ओठाला लावला, तर ओठ घट्ट. एवढंच म्हणाले, "रीतसर झालंय आता, इंगेर. जाणकार बाईने खिडकी उघडली."

मी ढकलगाडी घेऊन पोहोचलो तेव्हा एल्से सिसेलला नर्सेसच्या खोलीत झापत होती. दार उघडं होतं. मला मागेही जाता येईना आणि पुढेही.

"अगं, खिडकी? खिडकी उघडलीस? मी महिनाभर त्या माणसाशी 'तुम्हाला तसं वाटतंय' घोकतेय, आणि तू जाऊन त्याला दाखलाच दिलास!"

"माझे हात गं…"

"हात खाली पहिल्या मजल्यावर ठेवून यायचे होतेस. प्रेबेनचा फोन आला होता. उद्या संध्याकाळपर्यंत प्यायला लागले नाहीत, तर हातपाय धरून नाकातून नळी घालायची. या वयात, त्या माणसाला! आणि धरायला कोण? तू आणि मी. मला त्यांनी पाढे शिकवलेत."

सिसेल खाली बघत होती. मग तिला दारातला मी दिसलो.

"आंकर," ती म्हणाली, "मास्तरांना राग कशाचा येतो?"

प्रश्न मला होता, पण उत्तर माझ्या मागून आलं. इंगेर रिकामा थर्मास घेऊन उभी होती.

"चुकांचा," ती म्हणाली. "त्याच्या खिशात कायम लाल पेन्सिल असायची. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा माझ्या भावाने गाणं लिहिलं होतं. लोक गात होते आणि हा टेबलाशी बसून कागद सुधारत होता. भाऊ वर्षभर बोलला नाही."

हे गाण्याचं सांगायला हवं. आमच्या भागात गाण्याशिवाय कार्य होत नाही. लग्न असो, वाढदिवस असो, मयत असो, कुणीतरी त्या माणसावर कडवी रचतं, सगळ्यांना ठाऊक असलेल्या चालीवर बसवतं, कागद वाटले जातात आणि सगळी मंडळी शेवटच्या कडव्यापर्यंत गातात. मयताला पुरून आल्यावर मंडळींना कॉफी आणि केक असतो, तेव्हाही गातात. कॉफी निवली तरी मध्ये थांबायचं नाही. गावातली निम्मी गाणी मास्तरांनी लिहिली होती आणि उरलेली सुधारली होती.

सिसेल इंगेरकडे बघत राहिली. तिच्या तोंडावर हळूहळू काहीतरी यायला लागलं, जे इन्चार्जसमोर येऊ नये.

"इंगेर, मयताची कॉफी केलीस का तू?"

एल्से म्हणाली, "सिसेल!"

"केली नाही ना? खिडकी उघडून झाली आणि कॉफी नाही. हे काही बरोबर नाही."

इंगेरने थर्मास खाली ठेवला. मला वाटलं, आता ही रडणार. पण ती हसली. नाताळनंतर पहिल्यांदाच हसली असावी, कारण आवाज जरा गंजलेला होता. "तो नसताना करायची तर होतीच," ती म्हणाली. "तो असताना केली तर निदान त्याला केक तरी बघायला मिळेल."

"मी हे ऐकलं नाही," एल्से म्हणाली. "पेशंटच्या भ्रमात आपण सामील होत नाही. नियम आहे."

"कोण सामील होतंय? कुणी एक शब्द बोलायचा नाही. वारले, गेले, देवाघरी, काही नाही. उद्या शुक्रवार आहे. शुक्रवारी वॉर्डात कॉफी आणि केक असतोच. यावेळी केक जरा जास्त असेल. आणि एक गाणं."

एल्सेने कपाळावर हात घासला. तिच्या डोळ्यांसमोर ती नळी असणार. "चांगली कॉफी मी देणार नाही," ती शेवटी म्हणाली. हा होकार होता.

"गाणं कोण लिहिणार?" इंगेरने विचारलं.

तिघींनी माझ्याकडे पाहिलं.

"मला नाही जमायचं," मी म्हणालो. "मी फक्त वाचतो. मला कविता येत नाहीत. खरंच येत नाहीत."

"म्हणूनच तुला सांगतेय," सिसेल म्हणाली.

घरी जाऊन मी बसलो. तिने 'म्हणूनच' म्हटलं होतं, ते विसरून मी चांगलं लिहायचा आटोकाट प्रयत्न केला. माणसाला एक आशा असते. सहा कडवी झाली. चार वेळा फाडली, पाचव्यांदा फाडायला कागद उरला नाही.

शुक्रवारी तीन वाजता वॉर्डाच्या जेवणघरात टेबलं जोडली होती. इंगेर काळा पोशाख घालून आली होती, शुक्रवारसाठी तो जरा जास्तच होता. तिने राय धान्याच्या पावाचा थरांचा केक आणला होता, मऊ केक, कडक बिस्किटं, लोणी लावलेले गोल पाव. टेबलाच्या मधोमध, आमच्याकडे प्रत्येक कार्याला असतो तसा, छोट्या काठीवरचा झेंडा होता. सिसेलने तो अर्ध्यावर उतरवला. एल्सेने येऊन वर चढवला. एल्से वळली, सिसेलने पुन्हा उतरवला.

मास्तरांना चाकाच्या खुर्चीतून आणलं. "मास्तर, आता मी तुम्हाला टेबलाच्या टोकाशी नेतेय," सिसेल त्यांना सांगत होती. "मध्ये उंबरठा आहे, जरा धक्का बसेल. आता ब्रेक लावते." मास्तर डोळे मिटून होते. ओठ सुकून पांढरे पडलेले.

"कोण मेलं?" विलॅड्सने मोठ्याने विचारलं.

"कुणी नाही," एल्से म्हणाली. "शुक्रवार आहे, विलॅड्स."

"मग झेंडा अर्ध्यावर का?"

"दोरी ढिली आहे."

विलॅड्सने कॉफीचा घोट घेतला आणि थांबला. पुन्हा घेतला. "ही कपाटातली आहे," तो हळूच म्हणाला. एल्से भिंतीवरचं चित्र बघायला लागली.

मी कागद वाटले. घाईत विलॅड्सला दोन गेले. सिसेलने सूर दिला आणि सगळे गायला लागले. पहिलं कडवं कसंबसं पार पडलं. मग दुसरं आलं:

टॉर्किल मास्तर फार दयाळू,
मुलांशी बोलती सदा मायाळू,
फळ्यावर काढती अक्षर वळणदार आणि मग ते पुसायला घेती ओला बोळा,
साऱ्या गावाला त्यांचा लळा.

तिसऱ्या ओळीत गाडी रुळावरून घसरली. चाल संपली तरी शब्द संपेनात. कुणी 'वळणदार'पाशी राहिलं, कुणी 'बोळ्या'वर जाऊन वाट बघत बसलं, विलॅड्स दोन कागदांवरून दोनदा गायला. इंगेर रुमालाने तोंड झाकून हलत होती. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटत होतं.

तेवढ्यात मास्तरांच्या उजव्या हाताची बोटं हलली. छातीवर, जिथे पूर्वी कोटाचा खिसा असायचा तिथे, ती काहीतरी चाचपत होती.

सिसेलने ते पाहिलं. "पुन्हा!" ती म्हणाली. "दुसरं कडवं पुन्हा! सगळे!"

पुन्हा गायलो. पहिल्यापेक्षा वाईट.

"थां…" मास्तरांच्या घशातून करकर आवाज आला. शब्द पुढे येईना. त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी सत्तर वर्षांचा आहे हे विसरून उठून उभा राहिलो. त्यांना बोलायचं होतं आणि घसा साथ देत नव्हता. तोंड उघडत होतं, मिटत होतं.

सिसेलने घाई केली नाही. घाई केली असती तर सगळं फिसकटलं असतं. "मास्तर," ती नेहमीच्या रेडिओच्या आवाजात म्हणाली, "आता मी कप तुमच्या ओठाशी आणतेय. कोमट आहे. घसा ओला झाला की आवाज येतो. घ्यायचा की नाही, तुमचं तुम्ही बघा."

मास्तरांनी कपाकडे पाहिलं. माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. दोन्हींत जास्त असह्य काय, ते ठरवत असावेत. मग त्यांनी घोट घेतला. मग दुसरा.

"या ओळीत श्वास घ्यायला जागा कुठंय?" ते म्हणाले. "माणसं मरतील गाताना!"

मी कागदावर ती जागा शोधायला लागलो.

"आणि ओला बोळा? मी आयुष्यात फळ्याला ओला बोळा लावला नाही. ओल्याने फळा चिकट होतो. कोरडं फडकं. दयाळू म्हणे! एल्से, मी दयाळू होतो?"

"नाही, मास्तर," एल्से पटकन म्हणाली. नियम तिच्या लक्षातच राहिला नाही.

"मी वारलो आहे," मास्तर म्हणाले, "बहिरा झालेलो नाही. पेन्सिल कुणाकडे आहे?"

इंगेरने पिशवीतून लाल पेन्सिल काढून दिली. ती नाताळपासून घेऊन फिरत होती. आणि पेन्सिलीबरोबर तिने केकचा छोटा तुकडा त्यांच्या पुढ्यात सरकवला, काही न बोलता, कागदाच्या अगदी कडेला. सहावं कडवं सुधारून होईपर्यंत तुकडा संपला होता.

"आणि झेंडा वर घ्या," ते खोलीत परत जाताना म्हणाले. "पुरून झाल्यावर तो अर्ध्यावर ठेवत नाहीत."

संध्याकाळी प्रेबेन आला. मास्तर अजून वारलेलेच होते, पण त्यांनी पाण्याचा पेला रिकामा केला होता. प्रेबेनने नळी परत पाठवली.

दाराबाहेर सिसेलने माझ्या पाठीवर थाप मारली. "ती तिसरी ओळ! मुद्दाम केलीस ना? काय डोकं आहे रे तुझं!"

मी चष्मा पुसत राहिलो.

त्यानंतर रोजचंच झालं. तीन वाजता मी एक कडवं घेऊन जायचं, मास्तरांनी ते लाल करायचं आणि ते करताना घसा ओला ठेवायला सूप घ्यायचं. विषय तेच द्यायचे. खाडी, बर्फ, डुकरांचा बाजार. माझं लिहिणं कुणालातरी रोज हवं असावं, असं माझ्या बाबतीत कधी झालं नव्हतं. त्याने मी थोडा बिघडलो. एकदा बर्फ वितळण्यावर चार ओळी अशा उतरल्या की माझ्याच अंगावर काटा आला. कागद नेऊन दिला. मास्तरांनी तो वाचला. पुन्हा वाचला. पेन्सिल खाली ठेवली, हात जुळवले आणि डोळे मिटले. सूप तसंच राहिलं.

सिसेलने मला दंडाला धरून बाहेर काढलं.

"काय लिहिलंस तू?"

"मला वाटतं, जरा चांगलं झालं होतं," मी म्हणालो.

"चांगलं? कुणी सांगितलं होतं तुला चांगलं लिहायला? माणूस उपाशी मारशील का? जा, खराब करून आण!"

मी पुस्तकांच्या गाडीवर कागद ठेवून त्यात एक हत्ती घातला. बर्फ वितळल्यावर खाडीत पोहणारा. मास्तर ओरडले, "हत्ती? आमच्या खाडीत?" आणि सूप संपलं. पण मूळच्या चार ओळींचा कागद त्यांनी परत दिला नाही. तो मला नंतर त्यांच्या उशीखाली दिसला. त्यावर लाल खूण एकही नव्हती. हे मी सिसेलला सांगितलं नाही.

गोळ्यांचाही वाटा असणारच. प्रेबेनचं म्हणणं, सगळा गोळ्यांचाच. मी त्याच्याशी वाद घालत नाही, मला कुणाशीच घालता येत नाही. मास्तर हळूहळू अंथरुणातून उठायला लागले, खुर्चीत बसायला लागले, विलॅड्सला त्रैराशिक शिकवायला लागले. आपण वारलो आहोत हे मात्र ते मधूनमधून सांगत, जसं कुणी आपण मूळचे दुसऱ्या गावचे आहोत असं सांगावं. एल्से म्हणे, "तुम्हाला तसं वाटतंय." ते म्हणत, "हो, मला तसं वाटतंय." एवढ्यावर भागायचं.

एप्रिलात एका दुपारी जेवणात कोबी होता. त्याचा वास वॉर्डभर कोंडला होता. मी नवं कडवं देऊन मास्तरांसमोर बसलो होतो, इंगेर विणत होती. सिसेल आत आली, नाक मुरडलं, खिशातून किल्ली काढली आणि खिडकी वीतभर उघडली. उघडल्यावर आपण कुठल्या खोलीत आहोत ते तिच्या ध्यानात आलं. ती तशीच उभी राहिली, हात खिडकीवर. इंगेरच्या सुया थांबल्या.

खाडीवरचा वारा आत आला. माझा कागद टेबलावरून उडायला लागला. मास्तरांनी तो पेन्सिलीने दाबून धरला.

"खिडकी लाव, सिसेल!" ते मान वर न करता म्हणाले. "या गारठ्यात मरायचंय का मला?"

सिसेलने आमच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिघंही हसत सुटलो असतो. तिने खिडकी ओढली, कुलपात किल्ली फिरवली आणि घसा साफ करून म्हणाली,

"मास्तर, आता मी खिडकी लावतेय."

"दिसतंय मला," मास्तर म्हणाले. "आंधळा नाही मी. आंकर, ही तिसरी ओळ काय आहे?"